एकोणीस नंबरचा डबा

डबा हलका परत यायला हवा.
एवढंच माझं शास्त्र.
शिरोलीच्या नाक्यामागं पत्र्याच्या शेडात
बेचाळीस डबे भरते मी, दोन पाळ्यांचे.
झाकणावर लाल ऑइलपेंटनं नंबर.
नावं लिहीत नाही. माणसं दोन-चार महिन्यांत बदलतात,
नंबर राहतात.

एकोणीस नंबर सोमवारी जड आला.
मंगळवारीही.
बुधवारी तर चपात्यांची घडीही मोडली नव्हती.
वरच्या चपातीवर वाफ सुकून
गोल डाग पडलेला, तेवढाच.

मीठ जास्त झालं असेल, म्हटलं.
आपलं तिखट सोसत नसेल.
कुणाला काही झालं की बाईला
आधी स्वतःच्या हातची चूक सापडते.

कोण रे हा एकोणीस?
निराकार बेहेरा, गंजामचा.
ऐकून हसूच आलं मला.
दिवसभर फौंड्रीत वाळू ठोकून
पंपाचे, गिअरचे साचे काढतो,
आणि आईबापांनी नाव ठेवलं निराकार.

सोबतचा म्हणाला, कामचोर झालाय.
सुपरवायझर म्हणाला, नाटकं.
ठेकेदारानं तर फोनच उचलला नाही.

मग मीच गेले.
आठ माणसं, चार गाद्या.
रात्रपाळीचा येतो, दिवसपाळीचा उठतो,
गादी कधी गार होत नाही.
हा भिंतीकडं तोंड करून. डोळे उघडे.
छातीवर मोबाइल, आवाज बंद केलेला.
स्क्रीनवर त्यांच्या गोल अक्षरांत कुणाचं तरी नाव
उजळायचं, थरथरायचं, विझायचं.

"जेवलासा काय?" मी विचारलं.
आमच्या कोल्हापुरात खुशाली अशीच विचारतात.
त्याला वाटलं, खाडे मांडायला आले.
"पैसा दे देगा, मौसी."

त्या रात्री भात पाण्यात घालून ठेवला.
पूर्वी आलेल्या एका पोरानं सांगितलं होतं,
त्यांच्याकडं खातात म्हणून.
सकाळी आंबूस वास सुटला.
माझ्या सासूनं तो सरळ म्हशीपुढं ओतला असता.
दही घातलं, कांदा, एक हिरवी मिरची
आणि एकोणीस नंबरात भरून स्वतः घेऊन गेले.
चार घास खाल्ले त्यानं.
मग हात तसाच भाताच्या पाण्यात ठेवून
बसून राहिला,
नदीत पाय सोडून बसावं तसा.

केएमटीनं सीपीआरला नेलं.
केसपेपरची रांग, मग दुसरी रांग,
मग जिन्याखालून वळून शेवटची खोली.
डॉक्टरीणबाई माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं विचारलं, "नींद आती है?"
एवढंच.
आणि तो बोलायला लागला, त्याच्या भाषेत,
थांबेचना.
तिला कळत नव्हतं, मला कळत नव्हतं,
पण तिनं घड्याळाकडं बघितलं नाही.
पुढचा प्रश्न तिनं फार हळू विचारला.
त्यानं माझ्याकडं पाहिलं.
मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसले.

फॉर्मवर एक रकाना होता: रुग्णाशी नाते.
पेन हातात घेऊन बराच वेळ गेला.
आई नव्हे. मावशी म्हणतो, पण तेही नव्हे.
शेवटी लिहिलं, खानावळ.
कारकुनानं वाचलं, वर बघितलं,
शिक्का मारला.

गोळ्या चालू आहेत. दर पंधरा दिवसांनी जायचं.
एकदा गेला नाही. भांडले.
बरा झाला का, विचारतात लोक.
मला काय माहीत.
भात संपतो, चपाती उरते,
कधी चपाती संपते, भात उरतो.
परवा फोनवर कुणावर तरी ओरडत होता.
ऐकून बरं वाटलं.

पूर्वी रात्री डबे थेट पाण्यात टाकायचे,
आता आधी एकेक हातात तोलते.
लेक म्हणते, आई, पाणी जाईल नळाचं.
जाऊ दे.
आज एकतीस नंबर
जड लागतोय.